कावळा बसायला आणि ज्वालामुखी फुटायला

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच माझ्या हातात एक चिठ्ठी आली आहे. ‘कोयनेला पुन्हा मोठा भूकंप झाला तर आपल्या डोंगरांतून लाव्हा येईल का?’ खाली सही नाही, पण लिहिणारा पाटणकडचा असावा. उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे निवांत ऐकाल. नाही येणार. का नाही, हे सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

प्रश्न वेडगळ नाही हं. चार्ल्स डार्विनलाही तो पडला होता. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीतल्या वाल्दिव्हियाजवळ तो रानात जरा आडवा झाला होता आणि जमीन हलू लागली. पुढे कन्सेप्सियोन शहराचा ढिगारा त्याने पाहिला, आणि अँडीजमधले ज्वालामुखी त्याच सुमारास जागे झाल्याच्या बातम्याही कानावर आल्या. दोन्हींच्या मुळाशी एकच कारण असावं, असं त्याने १८३८ साली लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे मांडलं. गंमत अशी, की ओसोर्नो ज्वालामुखी धगधगताना त्याने स्वतः चिलोए बेटावरून पाहिला होता, तो जानेवारीत. म्हणजे भूकंपाच्या महिनाभर आधी!

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. इथेही ती शंका घ्यायलाच हवी. जगात आठ तीव्रतेच्या वरचा भूकंप सरासरी वर्षाला एखादा होतो, आणि दरवर्षी पन्नास-साठ ज्वालामुखी कुठे ना कुठे उद्रेक करतच असतात. एवढे कावळे आणि एवढ्या फांद्या असल्यावर जोड्या आपोआप जुळणारच. टीव्हीवाल्यांना तेवढं पुरतं.

पण सगळंच काकतालीय म्हणून झटकता येत नाही. २२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदलेला तो आजवरचा सर्वांत मोठा. त्यानंतर अवघ्या ३८ तासांत जवळचा कॉर्दोन काउये हा ज्वालामुखी फुटला. जपानात २८ ऑक्टोबर १७०७ ला प्रचंड भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी फुजी पर्वत फुटला. एदो शहरावर, म्हणजे आजच्या टोकियोवर, राख पडली. फुजी त्यानंतर आजतागायत गप्प आहे. १९९८ साली लिंडे आणि सॅक्स या दोघा संशोधकांनी जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा आठ किंवा अधिक तीव्रतेच्या भूकंपानंतरच्या एक-दोन दिवसांत, साडेसातशे किलोमीटरच्या आतले उद्रेक निव्वळ योगायोगाने असावेत त्यापेक्षा जास्त भरले.

मग धक्का पोचतो कसा? हा दगड मागच्या रांगेपर्यंत फिरवा. आपला मांजऱ्या खडक. घाटात रस्ता रुंद करताना निघालेला. त्यात पांढऱ्या टिकल्या दिसतील, काही ठिकाणी नुसती भोकं. हे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. टिकल्या म्हणजे त्यांत मागाहून भरलेली खनिजं. खोलवर दाबाखाली पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, विरघळलेले असतात. शिलारस वर सरकला, दाब उतरला, की वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटतो, आणि हा वायूच शिलारसाला वर ढकलतो. मोठ्या भूकंपात आजूबाजूचं भूकवच कायमचं सरकतं, त्यामुळे शिलारसाच्या कोठीवरची पकड कुठे ढिली होते, कुठे आवळते. हा परिणाम जवळपासच. खडकातून जाणाऱ्या भूकंपाच्या लाटा मात्र फार लांब जातात. १९९२ साली कॅलिफोर्नियात लँडर्सचा ७.३ चा भूकंप झाला आणि हजार किलोमीटरहून दूरच्या यलोस्टोन या ज्वालामुखी प्रदेशाखाली बारीक भूकंपांची माळ लागली. उद्रेक मात्र झाला नाही.

आणि २०११ चा जपान बघा. ११ मार्चला नऊच्या तीव्रतेचा भूकंप झाला, आणि चारच दिवसांनी थेट फुजीच्या पायथ्याखाली सहाच्या आसपासचा दुसरा. सगळं जग श्वास रोखून बसलं होतं. फुजीने कूस बदलली नाही. उलट ईशान्य जपानातले काही ज्वालामुखीचे प्रदेश पंधरा सेंटीमीटरपर्यंत खचले. फांदी आतून किडलेली असेल तरच कावळ्याच्या वजनाला अर्थ.

हा वाद सातारकरांना नवा नाही, असं मला नेहमी वाटतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आईने मला गोधडीसकट अंगणात ओढलं, ते मला आठवतंय. ६.३ चा भूकंप, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर आडवं झालं. १०३ मीटर उंचीच्या धरणात १९६२ पासून पाणी साठत होतं. तेव्हापासून आपण पारावर भांडतोय, पाण्याने भूकंप घडवला का? अभ्यासकांचं म्हणणं बारकाईने ऐका. खडकात ताण आधीच होता, भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकण्याच्या बेतात होता, पाण्याने शेवटचा रेटा दिला. कारण वेगळं, निमित्त वेगळं. आपण मात्र निमित्तालाच कारण म्हणून मोकळे होतो, कारण निमित्त डोळ्यांना दिसतं.

आता चिठ्ठीकडे. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं. सव्वा किलोमीटरच्या सुमाराला आपला काळा पाषाण संपला आणि खाली लागला तो कितीतरी जुना ग्रॅनाइट. शिलारस नाही. अजिंक्यताऱ्याच्या या पायऱ्या पायऱ्यांच्या कड्यांचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते तो लाव्हा ओतणारी खोलवरची चूल आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे; आपलं भूखंड तिच्यावरून उत्तरेला निघून आलं. इथे फांदीच नाही, कावळा कितीही मोठा बसू दे.

भारतात फांदी, म्हणजे जागा ज्वालामुखी, एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) साधारण १४० किलोमीटरवर. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राचा भूकंप आणि त्सुनामी, आणि २००५ च्या मे महिन्यात बॅरन पेटलं. पाच महिन्यांचं अंतर. अनेकांनी लगेच नातं जोडलं. पण हेच बेट १९९१ मध्ये पेटलं होतं, १९९४-९५ मध्येही, आणि त्या वेळी असा कुठलाही महाभूकंप आधी झालेला नव्हता. त्यामुळे माझं मत इथे फांदीच्या बाजूने. तो दगड पुढच्या रांगेत परत आला का?