चेंजिंग रूमपासून काठापर्यंत

एप्रिल लागला. आता नागपुरात घरोघरी कूलर धुतले जातील आणि दरवर्षीसारखी एखादी मैत्रीण म्हणेल, "चल ना गं, स्विमिंगला जाऊ." २०१३च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पाण्यात शिरायला आणखी काय कारण पाहिजे? तरी आपण जात नाही. विचारलं तर केस, क्लोरीन, गुडघे. खरं कारण म्हणजे चेंजिंग रूमच्या दारापासून पाण्यापर्यंतची पंधरा पावलं.

बावन्नाव्या वर्षी मी ती मोजलीत. लेडीज बॅचचा पहिला दिवस. कॉस्च्युम घातला, वरून गाऊन चढवला, त्यावर टॉवेल गुंडाळला. कडी काढली, परत लावली. असं तीनदा. बाहेर बायका हसत होत्या आणि त्या मलाच हसतायत याची मला खात्री! निघाले तर कुणाच्या तरी नव्या सुनेचा विषय चाललेला. माझ्या मांड्यांकडे बघायला सवड कुणाला होती?

थॉमस गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २०००च्या सुमारास विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी तो पाहिलाच असणार. प्रत्यक्षात पाहिला होता साधारण चौथाईनं.

त्याहून मला लागला तो बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९८चा प्रयोग. कुणाला स्विमसूट दिला, कुणाला स्वेटर, आणि ते अंगावर असताना गणितं सोडवायला सांगितली. स्विमसूटमधल्या बायकांना गणितं कमी आली. पुरुषांना तसा फरक पडला नाही. आणि गंमत बघा, ज्याची त्याची खोली वेगळी होती. बघणारं कुणीच नव्हतं. आरसा होता. मला ते लगेच पटलं, कारण माझं अर्धं डोकं त्या दिवशी पोट आत ओढण्यातच गेलं होतं.

पण सगळे मनाचे खेळ आहेत असं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. त्याच पूलवर एका बाजूला बाकं होती. बायकोला, मुलीला न्यायला आलेली माणसं तिथं बसायची, आणि बघायचीही. यात गिलोविच काय करणार? आम्ही आठजणींनी लेखी अर्ज दिला. महिनाभर टोलवाटोलवी झाली, मग तिथं हिरवी नेट लागली. हो, तीच, उन्हाळ्यात आपण अंगणात बांधतो ती. दुसऱ्याच दिवशी दोघींचे गाऊन घरी राहिले.

कपड्याचंही सांगते. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, म्हणून सलवार-कुर्त्यात पोहायला नको. पण गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा कॉस्च्युम मिळतो, खुशाल घ्या. त्याला भित्रेपणा म्हणणारीला आधी पाण्यात उतरू द्या.

माझी आई पवनीची. काष्टा मारून, पाठीला रिकामा डबा बांधून वैनगंगेत पोहायला शिकली. लाज नाही वाटायची का, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "घाटावर कोनी धुनं धुवे, कोनी आंग धुवे. पाहाले कोन रिकामं होतं?"

पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायला सांगतात ना, तेव्हा नाकात पाणी गेलं की पोट, मांड्या, सून, सगळं विसरायला होतं. मीही विसरले.

(श्रोत्यांतून एक बाई : "जातानी ठीक आहे मॅडम, पन बाहेर येतानी?")

अगदी बरोबर. ओला कपडा अंगाला चिकटतो, आणि ती पंधरा पावलं परतीची असतात. आमच्या अर्जात दुसरी मागणी तीच होती : टॉवेलसाठी खुंट्या खोलीत नकोत, शिडीजवळ पाहिजेत. दोन ठोकल्या आहेत. बॅचमध्ये आता आम्ही तेवीस जणी आहोत.