चाळीस नंबरच्या रस्त्यावरचा भोपळा

डोळ्यांपुढे एक वाहनतळ आणा. तो अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या एलिकॉट सिटी या गावातला आहे. भोवती दुकानांच्या रांगा आहेत आणि माणसे पिशव्या घेऊन आपापल्या मोटारींकडे चालली आहेत. या सगळ्यात किल्ल्याचे एक प्रवेशद्वार तेवढे एकटे उभे आहे. आज त्याच्या आत शिरण्यासारखे काही उरलेले नाही. माझ्या लहानपणी मात्र त्या दारातून आत गेले की एक संपूर्ण रान सुरू होत असे.

'एन्चान्टेड फॉरेस्ट', म्हणजे मंतरलेले रान, असे त्या बागेचे नाव होते. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाल्यानंतर जेमतेम महिन्याभराने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, हॅरिसन कुटुंबाने ती उघडली. ही तारीख आमच्या घरी वेगळ्या कारणाने पाठ असल्यामुळे मी ती कधीच विसरलो नाही. सुरुवातीला मोठ्या माणसांना १ डॉलर आणि मुलांना ५० सेंट प्रवेशमूल्य होते. आत गरगर फिरणारी यंत्रे नव्हती. इंग्रजी बालगीतांमधली आणि परीकथांमधली घरे व पात्रे झाडांच्या सावलीत ठिकठिकाणी उभी केलेली होती. बुटात राहणाऱ्या म्हातारीचा भलामोठा बूट, तीन अस्वलांचे घर, वाकड्या माणसाचे वाकडे घर, भिंतीवर बसलेला हम्प्टी डम्प्टी, आणि तोंड उघडून बसलेला विली नावाचा देवमासा. मुलांनी या गोष्टी नुसत्या पाहायच्या नव्हत्या, तर त्यांच्यावर चढायचे होते, त्यांच्या आत शिरायचे होते.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातल्या शिकलेल्या माणसांसाठी उघडली, आणि त्या वाटेने बाबा बाल्टिमोरला आले. १९७३ साली आई आणि मी त्यांच्या मागोमाग गेलो. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हते, आणि आईला ही बालगीते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे सिंड्रेलाच्या भोपळ्याच्या गाडीपुढे आम्ही उभे राहिलो, तेव्हा आईने कसलाही विचार न करता मला सांगितले, की लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी याच भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटली. पुढची कित्येक वर्षे मी ते खरे मानत होतो. त्या गाडीत बसून मी मोठ्याने 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' म्हणत असे, आणि शेजारी बसलेली अमेरिकन मुले माझ्याकडे बघत राहात.

बाल्टिमोरच्या परिसरात याहून जुनी ग्विन ओक ही करमणुकीची बाग होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बंद पडलेली होती. जून १९७२ मधल्या ॲग्नेस वादळाच्या पुराने तिचा शेवट केला होता. ग्विन ओकमध्ये अनेक वर्षे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९६३ च्या जुलैमध्ये तिथे मोठी निदर्शने झाली, शेकडो लोकांना अटक झाली, आणि अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी, म्हणजे नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा ऐतिहासिक मोर्चा निघाला त्याच दिवशी, शॅरन लँगली नावाची तान्ही मुलगी आपल्या वडिलांसोबत तिथल्या घोड्यांच्या चक्रावर बसली. ते चक्र पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या हिरवळीच्या मैदानावर नेण्यात आले. हरवलेल्या बागांच्या आठवणी काढताना त्यांचे हे बंद फाटकही आठवले पाहिजे, असे मला वाटते.

परतीच्या वाटेवर बाबा हटकून मिनी गोल्फच्या एका मैदानाशी गाडी थांबवत. मैदान म्हणायचे ते केवळ सवयीने. प्रत्यक्षात रस्त्याकडेच्या एखाद्या गुंठ्यात हिरव्या सतरंजीच्या अठरा पट्ट्या आणि फिरत्या पात्यांची पवनचक्की एवढाच त्याचा पसारा होता. हा खेळ व्यवसाय म्हणून पसरला तो लुकआउट माउंटन या डोंगरावरून. तिथे गार्नेट कार्टर यांनी १९२० च्या दशकात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी असे छोटे मैदान केले आणि 'टॉम थम्ब' या नावाने ते देशभर विकले. १९३० मध्ये, मंदी असूनही किंवा कदाचित मंदीमुळेच, अमेरिकेत अशी सुमारे २५ हजार मैदाने असल्याचा अंदाज होता. न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवरही ती होती. ही लाट लवकरच ओसरली. त्या काळी जमिनीवर गवताऐवजी सरकीच्या टरफलांचा भुगा तेल आणि रंग लावून पसरत असत. बाबा अमरावतीचे, सरकीच्या ढिगांवर खेळून वाढलेले. ही माहिती मला फार उशिरा मिळाली, आणि त्यांना सांगायची राहून गेली.

या सगळ्या जागा रस्त्याच्या संथपणावर जगत होत्या. मंतरलेल्या रानासमोरून जाणारा ४० क्रमांकाचा रस्ता एके काळी अटलांटिक सिटीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गावागावांतून जात असे. मोटारीच्या काचेतून किल्ला दिसायचा, मागच्या बाकावरचे मूल ओरडायचे आणि वडील गाडी कडेला घ्यायचे. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांचे आंतरराज्य महामार्ग मंजूर झाले, आणि त्यांवर वाटेल तिथे गाडी वळवता येत नाही. आमच्या रस्त्याला समांतर असा ७० क्रमांकाचा महामार्ग झाल्यावर लांबच्या प्रवाशांना किल्ला दिसेनासा झाला. न्यूयॉर्क राज्यातली 'फ्रंटियर टाउन' ही काउबॉयच्या धर्तीची करमणुकीची बाग नव्या महामार्गानंतरही १९९८ पर्यंत तग धरून होती. एलिकॉट सिटीत मात्र जवळच १९६७ मध्ये कोलंबिया हे आखीव शहर वसले आणि जमिनीचे मोल चढत गेले. सिमेंटचा बूट उन्हाळ्यातले तीन-चार महिने मिळवून देतो, दुकान बारा महिने भाडे देते. या हिशेबात मी कोणाला दोष देऊ शकत नाही. १९८९ मध्ये बाग बंद झाली, पुढे तिच्या बऱ्याचशा जागेवर बाजारसंकुल उभे राहिले, आणि मागच्या झाडीत ती घरे वेलींखाली कुजत पडली.

त्यांतून आधी सुटका झाली ती भोपळ्याची. २००४ मध्ये ती गाडी लिलावात निघाली आणि काही मैलांवरच्या क्लार्क्स इलिओक फार्म या शेताने ती विकत घेतली. मग जागेच्या मालकांच्या परवानगीने बूट, अस्वलांचे घर आणि इतर कितीतरी वस्तू तिकडे हलवण्यात आल्या आणि त्यांची डागडुजी झाली. आज त्या शेळ्या-मेंढ्यांच्या कुंपणांशेजारी उभ्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी आईला तिथे घेऊन गेलो. तिने भोपळ्याच्या कडेला हात टेकला, आत वाकून पाहिले, आणि बसायची फळी जुनीच आहे की बदलली, एवढेच विचारले.