नाडी ११८

(पहाट. मेडिकल चौक. चहाच्या टपरीवर शेगडी पेटतेय.)

गडचिरोली, गोंदिया, पार बालाघाटकडून माणसं येतात. घास गिळताना अडकायला लागला की नागपूर गाठायचं. कितीकांच्या खिशात अजून खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी असते.

(वॉर्ड. मानेवरचं ड्रेसिंग.)

या बाबांची अन्ननलिका कॅन्सरमुळे काढावी लागली. जठराची लांबट नळी करून ती छातीतून वर घेतली आणि मानेत उरलेल्या टोकाला शिवली. आज पाचवा दिवस. हा जोड गळायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दहा दिवसांतच गळतो, आणि सुरुवातीला फारसं काही दाखवत नाही.

"बाबा, बरं वाटते का?" सिस्टर विचारतात. बाबा मान हलवतात.

(ड्रेनची बाटली, अगदी जवळून.)

ही बाटली नीट बघा. छातीतून येणारं पाणी फिकट, पिवळसर असलं तर ठीक. गढूळ झालं, वास यायला लागला, तर जोडावर संशय घ्यायचा. आतड्यातल्या नळीने फीड सुरू केल्यावर तेच पाणी दुधासारखं झालं, तर अन्नातली चरबी वाहून नेणारी छातीतली रसवाहिनी दुखावलेली असू शकते. एवढं नुसत्या रंगावरून कळतं. काल तो रंग कसा होता, हे आठवणारं माणूस मात्र तिथे हवं.

(चार्ट.)

रात्री नाडी ९२. पहाटे ११८. ताप नाही, दुखणं कालच्याइतकंच. सिस्टरांनी आकड्याला गोल केला आणि डॉक्टरांना फोन लावला. सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज-संसर्ग दाखवणारा आकडा, एव्हाना उतरायला हवा होता, तो चढलेला. मग सीटी स्कॅन. पुढे सगळे सीटीचं नाव घेतात, पण बाबांना तिथवर नेलं ते या गोलाने. रात्रपाळीत एकाच सिस्टरच्या गळ्यात जास्तीच्या खाटा पडल्या, की पहिल्यांदा हा आकडाच लिहायचा राहून जातो.

जोडापाशी थोडी गळती निघाली. मानेचे टाके मोकळे करून निचरा केला. छातीत उतरली असती तर जिवावर बेतलं असतं.

(तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र.)

बाबा श्वास ओढतात, आजी गोळ्या मोजतात. दोन वर गेल्या. न्यूमोनिया टाळायचा तर हे दिवसभर चालू ठेवायचं.

(तिसरा आठवडा. चमचाभर पाणी. इथे निवेदन नाही.)