लाट अडवली, वाळूचे काय?

(दृश्य : चेन्नईचा किनारा, आकाशातून. बंदराचे दोन दगडी बाहू, दक्षिणेला रुंद वाळू.)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मद्रास हे मोठे व्यापारी शहर होते, पण त्याला सुरक्षित बंदर नव्हते. मुंबईला शहराच्या पूर्वेस आडोशाचे खोल पाणी निसर्गानेच दिले होते; मद्रासचा किनारा मात्र उत्तर-दक्षिण सरळ पसरलेला आणि बंगालच्या उपसागराला पुरता उघडा. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल ‘मसुला’ नावाच्या होड्यांतून किनाऱ्याला लागत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत. फुटत्या लाटेत होडी वाळूवर आपटली की खिळ्यांची ताठ होडी उकलण्याचा धोका असे. शिवलेली होडी थोडी लवून तो मार सोसत असे. कसबी नावाडी असूनही माल भिजे, होड्या उलटत आणि माणसे बुडत.

1875 साली येथे बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरून समुद्रात शिरणारे आणि पुढे एकमेकांकडे वळणारे दोन बाहू बांधायचे, त्यांच्यामध्ये पूर्वेकडे प्रवेशमुख ठेवायचे आणि आतल्या संथ पाण्यात जहाजे उभी करायची, अशी ती योजना होती. अशा बांधकामाला ब्रेकवॉटर किंवा लाटारोधक बंधारा म्हणतात. काम पूर्णत्वाला येत असताना, 12 नोव्हेंबर 1881 रोजी, चक्रीवादळाने या बाहूंची मोठी पडझड केली. ते पुन्हा उभे करण्यात पुढची अनेक वर्षे गेली.

(दृश्य : उसळत्या लाटा बंधाऱ्यावर आदळताना.)

समुद्राचा हा जोर येतो कोठून? खोल समुद्रात लाटेबरोबर पाणी फारसे पुढे जात नाही. पाण्याचा कण जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतो आणि पुढे सरकते ती वाऱ्याने दिलेली ऊर्जा. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातील ऊर्जा चौपट होते. उथळ पाण्यात येताच लाटेचा तळाचा भाग मंदावतो, माथा उंचावतो आणि अखेरीस लाट फुटते. शेकडो मैलांवरून आलेली ही ऊर्जा किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात एकदम मोकळी होते. ती जहाजापर्यंत पोहोचण्याआधी परतवणे किंवा जिरवणे, एवढेच लाटारोधकाचे काम.

सरळ उभी भिंत लाट परतवते, पण परतलेली लाट येणाऱ्या लाटेला मिळून भिंतीपुढचे पाणी अधिकच खवळते. दगडांचा उतरता ढीग लाट जिरवतो. त्याच्या पोटात खाणीतून निघालेला लहानमोठा दगड असतो, त्यावर मध्यम दगडांचा थर आणि सर्वांत वर मोठ्या शिळांचे कवच. लाट या कवचावर चढते, दगडांमधील पोकळ्यांत शिरते, घुसळते आणि दमून खाली उतरते. म्हणून पोकळ्या असणे हीच या बांधकामाची ताकद आहे. त्या सिमेंटने बुजवून टाकल्या, तर लाट जिरण्याची जागाच नाहीशी होते.

बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून काही लाटा आत शिरतातच. त्यामुळे बाहूंची लांबी, वळण आणि प्रवेशमुखाची दिशा ठरवताना तेथील वाऱ्यांचा आणि लाटांचा अनेक वर्षांचा अभ्यास लागतो. धक्क्याला बांधलेल्या जहाजाला उंच लाटच त्रास देते असे नाही. डोळ्यांना जेमतेम जाणवणारी, मिनिटामिनिटाच्या अंतराने येणारी लांब लाट जहाजाला पुढेमागे ओढत राहिली, तर जाडजूड दोरही तुटतात आणि माल उतरवण्याचे काम थांबवावे लागते.

शिळा किती जड हवी, याचा हिशेब निष्ठुर आहे. लाटेची उंची दुप्पट झाली, की शिळेचे वजन आठपट करावे लागते. एकास दोन उताराच्या बंधाऱ्यावर तीन मीटरच्या लाटेला सव्वादोन टनांच्या आसपासची शिळा पुरत असेल, तर सहा मीटरच्या लाटेला सुमारे अठरा टनांची लागेल, आणि अशा शिळा हव्या तितक्या कोणत्याही खाणीतून निघत नाहीत. तेथे काँक्रीटचे ठोकळे येतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसणारे चार पायांचे टेट्रापॉड 1950 साली फ्रान्समध्ये विकसित झाले. कसेही पडले तरी त्यांचे तीन पाय खाली टेकतात, चौथा वर राहतो आणि शेजाऱ्यात अडकतो. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड किनाऱ्याच्या भिंतीला बिलगून तिचे रक्षण करतात. लाटारोधकावरचे भर समुद्रात उभे असतात.

(दृश्य : प्रयोगशाळेतील लाटांची हौदी.)

असे बंधारे समुद्रात जाण्याआधी आपल्या पुण्याजवळ पारखले जातात. खडकवासल्याला 1916 साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. देशातील अनेक बंदरांच्या प्रतिकृतींवर तेथे प्रयोग झाले आहेत. एकास पन्नास या प्रमाणात आठ टनांचा टेट्रापॉड अवघ्या चौसष्ट ग्रॅमचा होतो आणि तळहातावर मावतो. समुद्रातले सात तासांचे वादळ ढोबळमानाने एका तासात घडते. ठोकळ्यांचे पट्टे वेगवेगळ्या रंगांत रंगवले, की लाटांच्या माऱ्यात कोणता ठोकळा जागचा हलला ते लगेच दिसते.

मात्र आतले पाणी संथ करताना लाटारोधक आणखी एक गोष्ट थांबवतो, आणि तिची किंमत बंदराबाहेरची माणसे मोजतात. लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळूही किनाऱ्याने पुढे नेतात. मद्रासच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात वाळू उत्तरेला जाते, ईशान्य मोसमात काही महिने उलटी येते. वर्षाचा एकूण ओघ उत्तरेचाच. बंदराचे बाहू या ओघात आडवे आले. दक्षिणेला वाळू साठत गेली आणि तिनेच आजचा मरीना किनारा रुंदावला. अनेक ठिकाणी तो तीनशे मीटरच्या आसपास आहे. वाळू बंदराच्या तोंडाशीही येऊ लागल्याने पूर्वेचे मुख बंद करून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईशान्येकडे नवे उघडावे लागले. उत्तरेला रायपुरमपासून पुढे मात्र येणारी वाळू आटली आणि समुद्र जमीन खात गेला. तेथील कोळी वस्त्यांची घरे आणि होड्या ओढून ठेवायची जागा लाटांनी नेली. मग दगडी भिंती आल्या आणि धूप आणखी उत्तरेला सरकली. मरीनावर संध्याकाळी फिरणाऱ्यांना ही दुसरी बाजू दाखवलीच पाहिजे, असे आम्हांला वाटते.

पुदुच्चेरीत 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे लाटारोधक उभे राहिले आणि शहरासमोरची वाळू गेली. 2018 साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तेथे पाण्याखाली बुडालेला बांध घातला आणि काही भागात वाळू परतली. विशाखापट्टणमला बंदराशी अडलेली वाळू उपसून उत्तरेच्या किनाऱ्यावर टाकतात. उपाय आहेत, परंतु एकदा वाळूची वाट अडवली, की ती पलीकडे पोहोचवण्याचे काम बंदर असेपर्यंत करावे लागते.

डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या लाटारोधकासह मोठे बंदर योजले आहे आणि तेथील मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला आहे. तेथील वाळू आणि गाळ कोणत्या ऋतूत कोठे जातो, हे दोन्ही बाजूंच्या गावांसमोर मोजले जावे, त्या मोजणीचे आकडे मराठीत गावाच्या हाती असावेत आणि धूप झाल्यास वाळू कोण, कोणत्या खर्चाने परत आणणार, हे पहिला दगड टाकण्याआधी लिहून ठेवलेले असावे.