सूर्यापासून सरपटणाऱ्या जिवांपर्यंत

1956 साली मृत समुद्राजवळ, कुमरानच्या अकराव्या गुहेत चामड्याची एक गुंडाळी सापडली. मजकूर हिब्रूच्या चौकोनी लिपीत. पण देवाचं चार अक्षरी नाव आलं, की लेखनिक ते कितीतरी जुन्या लिपीत लिहितो. नीट बघा, त्याचा आदर अक्षराच्या वळणातच दिसतो.

या गुंडाळीत बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 148 आहे. अवघ्या 14 वचनांचं. त्यातली हाक आधी आभाळात जाते: देवदूत, सूर्य, चंद्र, तारे, आभाळावरचं पाणी. मग खाली येते. समुद्रातले अजस्र प्राणी, अग्नी, गारा, हिम. डोंगर, फळझाडं, देवदार. जनावरं, सरपटणारे जीव, पाखरं. सगळ्यांना एकच सांगणं, परमेश्वराचं स्तवन करा. माणसाचा नंबर या सगळ्यांच्या नंतर, आणि त्यातही राजा नि लहान पोर एकाच रांगेत!

मधेच वादळ येतं. माणूस ज्याला भितो, ते इथे देवाचा शब्द पाळतं. आणि ज्याची आज्ञा वादळही मोडत नाही, तो शेवटच्या वचनात इस्राएलच्या लोकांना, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांना, बळ देतो, त्यांना आपल्या जवळची प्रजा मानतो. पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झालेल्या एवढ्याशा लोकांना केवढा हा आधार!

हे स्तोत्र ज्यूंच्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला तर वादळ चांगलंच ठाऊक. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. सगळं गेलं तरी ‘शमा’ची, देव एकच आहे असं सांगणारी, प्रार्थना तोंडी राहिली. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांचा तेलाचा घाणा बंदच, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं.

आजही शुभकार्यात, नवस फेडताना, एलियाहू हन्नाबींच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा होतो. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं. खाण्याआधी देवाची स्तुती, तीही सरसकट नव्हे. खजूर हातात घेतला, तर झाडाचं फळ निर्माण करणाऱ्याची. केळं घेतलं, तर जमिनीचं फळ निर्माण करणाऱ्याची. कारण घड दिला की केळीचा तो खुंट मरतो, म्हणून ज्यू धर्मशास्त्र तिला झाडांत धरत नाही. ज्याची त्याची स्तुती झाली, की ताट सगळ्यांत फिरतं.