मुली"सुद्धा"

बसा बसा, मागच्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्याच आहेत. तुम्ही उद्याचे पत्रकार, तुमच्या मॅडमनी मला अर्धा तास दिलाय आणि विषय दिलाय "किशोरवयीन मुलींमधली हिंसा आणि माध्यमं", नुसतं नाव वाचण्यातच दोन मिनिटं जातील, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

मुलींच्या भांडणाचा व्हिडिओ किती जणांनी बघितलाय? हात वर करू नका, सगळ्यांनीच बघितलाय. बसस्टॉप नाहीतर कॉलेजचं गेट, युनिफॉर्ममधल्या दोन पोरी, एकीच्या हातात दुसरीची वेणी, आणि वर हेडिंग, "भररस्त्यात मुलींची फ्रीस्टाईल, झिंज्या उपटल्या, व्हिडिओ तुफान व्हायरल". मुलगे भिडले तर "दोन गटांत राडा" आणि मुली भिडल्या की एकदम कुस्तीचा आखाडा, वर गाणं पण लावतात. म्हणजे करमणूक. आणि तेच प्रकरण हाताबाहेर गेलं, कोणाचा जीव गेला, की लगेच सूर बदलतो, काय दिवस आलेत, आता मुलीसुद्धा असं करायला लागल्या! हसायचं नाहीतर कपाळावर हात मारायचा, मधलं काही नाहीच. मला त्या "सुद्धा"बद्दल बोलायचंय.

एक जुनी केस सांगते, तुमच्यातले बहुतेक जन्मले पण नव्हते. कॅनडा, व्हिक्टोरिया शहर, १४ नोव्हेंबर १९९७. रीना विर्क नावाची १४ वर्षांची मुलगी, वडील भारतातून तिकडे गेलेले, घरात यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचं कडक वातावरण. ती सावळी, अंगाने जाड, त्यावरून बोलणी खायची, आणि तिला काय हवं होतं तर तिथल्या एका ग्रुपमध्ये जागा. त्या रात्री तिला बोलावलं, ती गेली, आणि क्रेगफ्लॉवर पुलाखाली एकीने तिच्या कपाळावर पेटती सिगारेट विझवली आणि मग सगळे तुटून पडले, बहुतेक मुलीच. ती त्यातून उठली हो, उठून पूल ओलांडून निघाली होती. दोघं तिच्या मागे गेले, परत मारलं आणि पाण्यात बुडवलं. मृतदेह सापडला आठ दिवसांनी. आणि त्या आठ दिवसांत शाळेतल्या पोरापोरांत कुजबुज चालूच होती, मोठ्यांपर्यंत मात्र ती लवकर पोचलीच नाही.

आता बातम्या काय आल्या? मुलींच्या टोळ्या, मुली बिघडल्या, पुढची पिढी हिंसक. पण मागे गेलेल्या दोघांत एक १५ वर्षांची मुलगी होती आणि दुसरा १६ वर्षांचा मुलगा! खुनासाठी शिक्षा झाली ती या दोघांनाच, म्हणजे निम्मा खून मुलाचा, तरी देशभर चर्चा कसली तर मुलींची. मुलगा त्यात असणं कोणाला नवल वाटलंच नाही, म्हणून ती बातमी नव्हती. दुसरी गोष्ट गायब झाली ती तिच्या रंगाची. यास्मिन जिवानी नावाच्या तिकडच्या संशोधक बाईंनी हे सविस्तर मांडलंय, की पेपरांनी रीनाच्या जाडेपणाबद्दल, ती कुठे सामावत नव्हती याबद्दल भरपूर लिहिलं, पण गोऱ्या शाळेत एक सावळी मुलगी का सामावत नाही, हा प्रश्न बाजूलाच पडला.

त्या काळात तिकडे मारहाणीसाठी मुलींवरच्या केसेस वाढल्या होत्या हे खरंय, पण त्यातल्या बऱ्याचशा किरकोळ मारहाणीच्या, आणि शाळांनी तेव्हा झिरो टॉलरन्स, म्हणजे छोट्या मारामारीलाही माफी नाही, असं धोरण धरल्यामुळे पूर्वी हेडमास्तरांच्या केबिनमध्ये मिटणारी भांडणं आता पोलिसात जात होती. खुनाच्या आरोपातल्या मुली मूठभरच राहिल्या. आपल्याकडे पण बघा, कायद्याच्या कचाट्यात सापडणाऱ्या अल्पवयीनांत मुलगेच मुलगे असतात, मुली अगदी नगण्य.

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे वेणी ओढण्याच्या आधीचे महिने मला दिसतात. डबा एकत्र खाणं बंद होतं, "तिच्याशी बोललीस तर आमच्यात येऊ नको" होतं, ग्रुपमधून रिमूव्ह होतं, एखादीचा स्क्रीनशॉट वर्गभर फिरतो. हे सगळं आवाज न करता चालतं, याचा व्हिडिओ निघत नाही. मग एक दिवस कोणीतरी हात उचलतं, आणि बऱ्याचदा तो हात जिला महिनाभर छळलेलं असतं तिचाच असतो, आणि व्हायरल कोण होतं? तीच. आईबाप मान खाली घालून माझ्यासमोर बसतात, ताई, शाळा बदलू का म्हणतात.

उद्या बातम्यांच्या डेस्कवर बसाल तेव्हा बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ जवळ ठेवा. मूल आरोपी असो, पीडित असो नाहीतर साक्षीदार, ओळख उघड करायची नाही, आणि ओळखीत शाळेचं नाव पण येतं. तोंड ब्लर केलं आणि युनिफॉर्मवरचा बिल्ला तसाच ठेवला तर काय उपयोग? सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं लिहिलंय त्यात.

आणि हो, विर्क केसचं पुढचं सांगायचं राहिलंच. मागे गेलेल्या त्या मुलीवर तीनदा खटला चालला, २००९ साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली, प्रत्येक खटल्याला कॅमेरे हजर. त्या मुलाने मात्र पुढे आपला वाटा मान्य केला, रीनाच्या आईवडिलांना भेटला, आणि त्यांनी, पोटची पोर गेलेली असताना, त्याच्या पॅरोलला पाठिंबा दिला! अशी गोष्ट कुठल्याही डेस्कवर सोनं असायला हवी, पण केस आठवते ती "मुलींची केस" म्हणूनच.

मघाशी एकीने विचारलं, मग बातमी द्यायचीच नाही का? द्या की. फक्त फोन करून विचारा की महिनाभर आधी काय चाललं होतं, शाळेत कोणाला कळलं होतं, आणि दोघी परत वर्गात बसायला लागल्या का. आणि व्हिडिओ कोणी काढला तेही विचारा, कारण शेजारी उभं राहून दीड मिनिट फोन न हलवता धरणारं ते पोर, त्याच्याबद्दल एक ओळ मी तरी अजून वाचलेली नाही.