उचलायच्या आधी ठेवायचं कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज वजनं उचलण्याबद्दल बोलायचं आहे. "आपण कुठे जिमला जातो" म्हणून आवाज बारीक करू नका. वजन तुम्हीही उचलताच. घरातल्या गॅसच्या सिलिंडरचंच बघा. आत १४.२ किलो गॅस, आणि टाकीचं स्वतःचं वजन साधारण पंधरा-सोळा किलो, ते वरच्या पट्टीवर लिहिलेलंही असतं. म्हणजे झाले तीस किलो. आणि हे तीस किलो आपण उचलतो कसे? पाय ताठ, कंबर वाकलेली, आणि उचलता उचलता ओट्याकडे गर्रकन वळायचं! मग आठ दिवस पाठीला शेक.

सिलिंडर असो की लोखंडी बार, रीत एकच. वजन अंगाजवळ घ्या. पावलं खांद्याइतक्या अंतरावर. गुडघे आणि कुल्ले वाकवा, पाठ सरळ ठेवा. जोर लावताना श्वास सोडा. आणि वळायचं असेल तर पावलं उचलून वळा, कंबर पिळू नका. पुन्हा सांगतो, कंबर पिळू नका. जड वजनाखाली श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, तेव्हा ज्यांना बीपी आहे त्यांनी हे दोनदा ऐकावं.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. ती मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. आज तुमची पाळी.

आमच्याकडे खालच्या मजल्यावर एक हॉल रिकामा होता. त्यात जुन्या सायकली आणि गणपतीचं मखर. तिथे व्यायामशाळा करायचं ठरलं. ठरलं म्हणजे चार सभा झाल्या आणि त्यातल्या तीन चहात गेल्या. सोसायटीच्या सभेत चहा आधी दिला की निर्णय होत नाही, हे माझं ठाम मत आहे. असो. शेवटी तीन कोटेशनं आली आणि सगळ्यांचा जीव जडला तो एका मल्टिजिमवर. बारा जणांनी एकाच वेळी व्यायाम करायचा, चकचकीत नळ्या, लाल गाद्या. सोबत ट्रेडमिल. सेक्रेटरी तरुण, उत्साही. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, चेहऱ्यावर कायम थकबाकीदार समोर बसल्याचा भाव.

आमच्या तळमजल्यावर एक वस्ताद राहतात. उभं आयुष्य तालमीत गेलेलं, कान कुस्तीगिराचे, म्हणजे मुरगळून गोळा झालेले. नातू म्हणाला, आजोबांना दुकानात घेऊन जाऊ या. सेक्रेटरींना ते फारसं रुचलं नाही. पण गाडीत जागा होती.

दुकानात शिरल्यावर वस्तादांनी मल्टिजिमकडे पाहिलंसुद्धा नाही. एका बाकावर जाऊन बसले आणि डावीकडं-उजवीकडं झुलायला लागले. बाक कुरकुरला. वस्ताद दुकानदाराला म्हणाले, "हिला संधिवात हाय." मग बाक उलटा करायला लावला. खालचं वेल्डिंग सलग नव्हतं, नुसते ठिपके, आणि वरून जाड रंग. मग एक बार उचलून फरशीवर ठेवला आणि पायानं हलकेच ढकलला. सरळ बार असला तर एकसारखा गडगडत जातो, हा थबकत थबकत गेला. बार वाकडा. दुसरा घेतला, तो नीट गेला. "ह्यो बाजूला ठेवा."

मग म्हणाले, "काटा आणा." दुकानदाराला कळेना. शेजारच्या वाण्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. बारच्या टोकांना लावायच्या, दहा-दहा किलो लिहिलेल्या दोन प्लेटा ठेवल्या. एक निघाली नऊ किलो तीनशे ग्रॅम, दुसरी दहा किलो सातशे. दुकानदार म्हणाला, "एवढं चालतंय की, आजोबा." वस्ताद म्हणाले, "डाव्या हाताला नऊ आन् उजव्याला जवळजवळ अकरा. गडी वाकडा न्हाई व्हायचा?"

इथे आमचे खजिनदार जागे झाले. व्यायाम त्यांना कधी कळला नव्हता, पण ताळेबंद न जुळणं त्यांना बरोबर कळतं. त्यांनी बाह्या वर केल्या, खिशातनं डायरी काढली, आणि दुकानातली एकूण एक प्लेट स्वतः काट्यावर चढवली. जोड्या लावल्या. दुकानदारानं आमच्यासाठी सरबत मागवलं, ते बहुधा स्वतःलाच गार करायला असावं.

या सगळ्यात सेक्रेटरी कंटाळले. बाकावर आडवे झाले आणि चाळीस किलोचा बार हातात घ्यायला निघाले. वस्तादांनी विचारलं, "साहेब, उचलाल. ठेवणार कुठं?"

"स्टँडवर."

"आन् स्टँडपातुर न्हाई आला तर?"

सेक्रेटरी हसले. पहिले पाच-सहा झोकात निघाले. मग एक खाली आला तो छातीवर टेकला आणि तिथंच राहिला. चेहरा लाल. पाय हलतायत, बार हलत नाही. वस्ताद शांतपणे वाकले, एका बाजूनं बार धरला, दुसऱ्या बाजूनं खजिनदार धावले, आणि बार वर घेता घेता म्हातारा म्हणतो कसा, "ठेवायची जागा आधी बघायची असती, साहेब."

तेवढ्या एका वाक्यानं आमची सगळी यादी बदलली. मल्टिजिम गेलं. घेतला एक भक्कम रॅक, ज्याला दोन्ही बाजूंना आडव्या सळया लावता येतात. त्या छातीच्या जरा खाली येतील अशा उंचीवर बसवायच्या, हात दमले तर बार त्यांच्यावर टेकतो, माणसावर नाही. एक बाक, एक सरळ बार, काट्यावर जुळलेल्या प्लेटा, प्लेटा बारवरून निसटू नयेत म्हणून लावायची कुलपं, डंबेल्सच्या काही जोड्या, आणि खाली जाड रबरी मॅट. ट्रेडमिलचं म्हणाल, तर सांगलीकराला आयर्विन पूल असताना चालण्यासाठी विजेचं बिल कशाला भरायचं, हे मी भर सभेत विचारलं. उत्तर आलं नाही.

तर ते वाक्य लक्षात असू द्या. उचलायच्या आधी ठेवायचं कुठं ते बघा. घरी एकटे असाल आणि सळयांचा रॅक नसेल, तर बाकावर झोपून बार उचलूच नका, डंबेल्स वापरा. डंबेल बाजूला सोडता येतात. बार धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूनं वळलेला हवा, मोकळा नको, बार निसटतो तो तिथूनच.

आपल्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवतो ना? २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलोचा गट. स्नॅचमध्ये, म्हणजे एका दमात थेट डोक्यावर, ११३; क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, १३५; एकूण २४८ किलो. मलेशियाच्या खेळाडूनं २४९ केले. एका किलोनं सुवर्ण हुकलं. १३९ किलो उचलताना संकेतचं कोपर दुखावलं, तरी पठ्ठ्या तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा आला, आणि पदक घेतलं ते हात झोळीत अडकवून. इतक्या वर्षांच्या तालमीनंतरही दुखापत होते. पण तिथला ओटा आणि रबरी प्लेटा अशा असतात की वजन सरळ खाली सोडून मागे सरकता येतं. सोडायचं कसं, हेसुद्धा त्या खेळात शिकवतात. आपल्या बेडरूमच्या टाइल्सवर ती सोय नाही.

नवशिक्यांनी पहिले काही आठवडे नुसता बार उचलावा. पुरुषांचा स्पर्धेचा बार वीस किलोचा, बायकांचा पंधरा किलोचा आणि जरा बारीक असतो. व्यायामशाळेतला तसाच असेल असं नाही, तेव्हा विचारून घ्या. वाढवायचं ते अडीच किलोनं, शेजाऱ्यानं किती लावलंय ते बघून नाही. आणि दर खेपेला एक-दोन वेळा अजून जमलं असतं, अशा ठिकाणी थांबा.

बायकांनो, वजनं उचलली की दंड पैलवानासारखे होतात, या भीतीनं बसून राहू नका. चाळिशीनंतर हाडांना याचा उपयोग होतो. कर्णम मल्लेश्वरीनं २००० साली सिडनीत ऑलिंपिक पदक आणलं, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग सुरू झालं तेही त्याच वर्षी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. दोन दिवस! रोज दोन तास नव्हे.

जिममधल्या ढणाढणा गाण्यांबद्दल मी आज बोलणार नाही, वेळ कमी आहे. एवढंच म्हणतो की शेजारचा "धर, धर!" ओरडला तर ते ऐकू यायला हवं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखलं तर घाबरू नका, ते ओसरतं. सांध्यात कळ आली तर तिथंच थांबा. छातीत दाब वाटला, घेरी आली तर थेट डॉक्टर. हर्निया असेल, पाठीचं ऑपरेशन झालं असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, जिममधल्या पोराला नाही, पोरगा कितीही चांगला असला तरी.

आणि पैसे कमी असतील तर जुनं सामान बेलाशक घ्या. लोखंडी प्लेट वीस वर्षांनीही तेवढीच प्लेट असते. पण वायरी, पट्टे, बाकाची गादी आणि त्याखालची फळी मात्र जुनी घेऊ नका, आणि घेतलीच तर उलटी करून बघून घ्या. महिन्यातून एकदा पान्हा घेऊन सगळे नट आवळायचे. आमच्याकडे ते काम खजिनदार करतात, डायरीत नोंद करून.

नमस्कार.